टीव्ही ५५ इंचीच घ्या, फक्त सोफा एक फूट पुढे ओढा

प्रश्न : नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मी बँकेत आहे, मिस्टर शाळेत शिक्षक. घरातला ३२ इंची टीव्ही आता जुना झालाय, मध्येच रंग जातात. रात्री जेवणं आटोपली की आम्ही दोघं पिक्चर बघतो, मला तर तेवढाच विरंगुळा आहे, त्यामुळे या वेळी जरा थिएटरसारखं काहीतरी करायचंय. हॉल १० बाय १४, सोफा भिंतीला टेकलेला, बसल्यावर डोळ्यापासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत ८ फूट भरतात. सोफ्याच्या मागे पश्चिमेची मोठी खिडकी आहे. बजेट सगळं मिळून ६० हजार, त्यावर एक रुपया नाही. मिस्टर म्हणतात ६५ इंचीच घेऊ, एक ५० हजारात बघून पण आलेत. दुकानदार म्हणतो ५५ ची क्यूएलईडी घ्या, १२० हर्ट्झ आहे, साउंडबार फ्री देतो. सासूबाईंच्या मालिका दुपारी आणि संध्याकाळी चालू असतात आणि त्यांचं म्हणणं एवढ्या मोठ्या टीव्हीने डोळे जातात. मुलगा अकरावीला आहे, त्याला पुढे प्लेस्टेशन हवंय. माळ्यावर एक जुना डीव्हीडीवाला फाइव्ह पॉइंट वन होम थिएटर (पाच स्पीकर आणि बेसचा एक सबवूफर) पडलाय, तो भंगारात द्यायचाय. काय करू?

उत्तर : नमस्कार ताई. पहिली गोष्ट, तो होम थिएटर भंगारात देऊ नका, निदान माझं हे सगळं वाचून होईपर्यंत तरी नको. तुमच्या ६० हजारांचं काय करायचं हे त्या डब्याच्या पाठीवर अवलंबून आहे, कसं ते सांगतो.

पण आधी साइजचं बघू, कारण घरात वाद त्याच्यावरूनच चाललाय असं दिसतंय. ५५ इंची टीव्ही म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं ५५ इंच, रुंदी म्हणाल तर ४८ इंच म्हणजे चार फूट, आणि ६५ ची रुंदी पावणेपाच फुटाच्या आसपास. थिएटरचा फील येतो तो पडदा डोळ्यासमोरचा किती भाग व्यापतो त्यावरून, आणि सिनेमाच्या तांत्रिक लोकांचा साधारण हिशोब असा की निदान ३० अंशाचा कोन तरी भरला पाहिजे. तुमच्या ८ फुटांवरून ५५ इंची २८ अंश भरतो आणि ६५ इंची ३३. म्हणजे मिस्टरांचं म्हणणं चुकीचं नाहीये, ८ फुटांवर ६५ जास्त चांगला वाटणारच. आता सोफा भिंतीपासून एक फूट पुढे ओढा. अंतर झालं ७ फूट, आणि तोच ५५ इंची आता ३२ अंश भरतो! ६५ चं काम झालं, खर्च शून्य, आणि सोफ्याच्या मागे जी फूटभर जागा सुटली तिचा अजून एक मोठा फायदा आहे तो पुढे आवाजाच्या वेळी सांगतो. हॉल १० फुटांचा आहे त्यामुळे चालायला-फिरायला तरीही भरपूर जागा उरते, दिवसा पाहिजे तर परत मागे सारा.

५० हजारातला ६५ मी का नको म्हणतोय, तर त्या किमतीत एवढा मोठा पॅनल द्यायचा म्हणजे कंपनीला कुठेतरी हात आखडता घ्यावाच लागतो, आणि तो बहुतेक वेळा मागच्या लाइटवर आणि पॅनलच्या कॉन्ट्रास्टवर, म्हणजे काळा आणि पांढरा यातल्या फरकावर घेतात. आणि तुम्ही रात्री दिवे घालवून पिक्चर बघणार, म्हणजे नेमकं तेच तुमच्या डोळ्यात येणार.

आता कॉन्ट्रास्टचं जरा सविस्तर सांगतो कारण टीव्ही घेताना लोक फोर के, एट के, क्यूएलईडी, डॉल्बी हे सगळं विचारतात आणि हे एकच विचारत नाहीत. ओएलईडी सोडला तर दुकानातले बाकी सगळे टीव्ही, एलईडी म्हणा क्यूएलईडी म्हणा, आतून एलसीडीच असतात, म्हणजे मागे दिवे लावलेले आणि पुढे पडदा, तो पडदा प्रकाश अडवतो तेव्हा काळा रंग दिसतो. क्यूएलईडीत रंग जास्त खुलवणारा एक थर असतो, रंग खरंच छान दिसतात, पण काळा किती काळा दिसणार याच्याशी त्याचा संबंध नाही. तो ठरतो पॅनलवर. पॅनल मुख्यतः दोन जातीचे, व्हीए आणि आयपीएस. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट साधारण हजारास एक, व्हीएचा तीन हजार ते पाच-सहा हजारास एक. आकडे बाजूला ठेवा, बघताना काय होतं ते सांगतो. बरेचसे पिक्चर रुंद फ्रेमचे असतात, मग टीव्हीवर वर आणि खाली काळ्या पट्ट्या येतात. ५५ इंचीवर तुमच्या पिक्चरला उंचीत २७ पैकी फक्त २० इंच मिळतात, उरलेले ७ इंच पट्ट्या. रात्री अंधार केला की आयपीएसवर त्या पट्ट्या काळ्या न दिसता करड्या, धुरकट दिसतात, कोपऱ्यात कुठे कुठे उजेड फुटलेला दिसतो, आणि एकदा ते दिसलं की मग दर वेळी डोळा तिकडेच जातो. व्हीएवर त्याच पट्ट्या अंधारात विरून जातात. आयपीएसचा फायदा एवढाच की बाजूला बसून पण रंग फिके पडत नाहीत, व्हीए बाजूने फिका पडतो. तुम्ही दोघं समोर सोफ्यावर बसणार, त्यामुळे तुमच्यासाठी व्हीए. सासूबाईंची खुर्ची बाजूला असेल तर त्यांना मालिका थोड्या फिक्या दिसतील, दिवसाउजेडी ते एवढं जाणवत नाही.

अडचण अशी की खोक्यावर पॅनलची जात लिहिलेली नसते, आणि एकाच मॉडेलच्या ४३ ला एक आणि ५५ ला दुसरा पॅनल असं पण असतं. त्यामुळे दुकानात जाऊन स्वतः बघा. जाताना पेन ड्राइव्हवर एखादी रात्रीच्या सीनची क्लिप टाकून न्या, खाली पांढरे सबटायटल असतील तर अजून चांगलं. सेल्समन डेमोचा व्हिडिओ लावतो तो सगळा फुलं, पोपट, समुद्र असा भडक रंगांचा असतो, त्यात कुठलाही टीव्ही सुंदरच दिसतो. त्याला सांगा डेमो मोड बंद करा, पिक्चर मोड व्हिव्हिडवरून सिनेमा किंवा मूव्हीवर आणा आणि आमची क्लिप लावा. जमलं तर वरच्या ट्यूब घालवायला सांगा, दुपारी गर्दी नसताना गेलात तर कोणी नाही म्हणत नाही. मग काळ्या भागाकडे बघा आणि सबटायटल येतं तेव्हा अक्षरांच्या भोवती धुकं पसरतंय का ते बघा. नंतर एका बाजूला जाऊन उभ्या राहा, रंग फिके पडले तर समजायचं व्हीए असणार. अजून खात्री हवी असेल तर मुलाला बरोबर न्या, पडद्यावर पांढरं चित्र लावून फोनच्या मॅक्रो कॅमेऱ्याने अगदी जवळून फोटो काढायचा, रंगांचे ठिपके बाणाच्या टोकासारखे वाकडे दिसले तर बहुतेक आयपीएस, सरळ उभ्या चौकटी दिसल्या तर बहुतेक व्हीए.

फोर केचं एका वाक्यात सांगतो, ५५ इंचीवर ७-८ फुटांवरून साधा फुल एचडी आणि फोर के यातला फरक साध्या नजरेला जेमतेम कळतो, तरी आता या साइजला सगळे फोर केच येतात त्यामुळे त्याचा विचारच करू नका, फक्त एट के ऐकलं की पुढे चला. सासूबाईंच्या चॅनेलसाठी मात्र एक करा, सेट टॉप बॉक्स साधा असेल तर एचडी करून घ्या, नाहीतर ५५ इंचीवर साधे चॅनेल इतके फुटलेले दिसतात की घरात पहिल्याच दिवशी नाराजी.

ओएलईडीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण कोणीतरी दुकानात सुचवेलच. अंधारात पिक्चर बघायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, प्रत्येक ठिपका स्वतःचा स्वतः विझतो. पण तो तुमच्या बजेटच्या खूप वर जातो, आणि दुसरं म्हणजे तुमच्याकडे रोज कित्येक तास एकाच चॅनेलचा लोगो एकाच कोपऱ्यात जळत राहणार, ओएलईडीवर अशा न हलणाऱ्या चित्राचा डाग कायमचा उमटायची भीती असते. तुमच्या घरासाठी तो नाहीच.

१२० हर्ट्झ म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला १२० वेळा बदलतं. दुकानदाराला एवढंच विचारा की पॅनल नेटिव्ह, म्हणजे मुळातच १२० चा आहे का, आणि ते छापील स्पेसिफिकेशनमध्ये दाखवा म्हणावं. मोशन रेट, डायनॅमिक रेट असं काहीतरी नाव देऊन ६० च्या पॅनलला १२० म्हणायची पद्धत आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, १२० ला २४ ने पूर्ण भाग जातो आणि ६० ला जात नाही, म्हणून कॅमेरा हळू फिरतो तेव्हा ६० वर चित्र किंचित अडखळल्यासारखं वाटतं, पण त्यासाठी पैसे वाढवावेत इतकं ते मोठं नाही. प्लेस्टेशन ६० हर्ट्झवर पण मस्त चालतं, मुलाला सांगा गेम मोड (बटण दाबलं की पडद्यावर लगेच दिसतं) असलेला टीव्ही घेतोय.

एचडीआर (उजेड आणि अंधार यातला फरक जास्त ठसठशीत दाखवणारं चित्र) आणि त्याचाच प्रकार असलेल्या डॉल्बी व्हिजनच्या स्टिकरवर पण फार जाऊ नका. एचडीआरची खरी मजा यायला टीव्ही भरपूर उजळ पाहिजे, ५००-६०० निट्सच्या (हे उजळपणाचं माप) पुढे, आणि स्वस्तातले बरेच टीव्ही २५०-३५० च्या आसपास असतात, ते सिग्नल घेतात पण दाखवायला ताकद नसते. उलट काही वेळा एचडीआर पिक्चर जास्तच काळपट दिसतो आणि लोक म्हणतात टीव्ही खराब निघाला.

आता तो माळ्यावरचा डबा. खाली काढा, पुसा आणि पाठ बघा. एचडीएमआयच्या खाचेजवळ बारीक अक्षरात एआरसी लिहिलेलं असेल तर लॉटरी लागली म्हणा, एका वायरीत टीव्हीचा आवाज त्याच्यात जातो. ते नसेल तर एक छोटी चौकोनी खाच शोधा, झाकण ढकललं की आत जातं, तिथे ऑप्टिकल किंवा डिजिटल इन लिहिलेलं असतं. ते असेल तरी काम झालं, ऑप्टिकल केबल काही शे रुपयांत मिळते आणि तिच्यातून डॉल्बी डिजिटलचा पूर्ण फाइव्ह पॉइंट वन आवाज जातो, मात्र टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ पीसीएमवर (म्हणजे साध्या दोन स्पीकरच्या आवाजावर) असतो तो डॉल्बी किंवा ऑटोवर करायचा, हे न केल्यामुळे कित्येक घरी पाच स्पीकर लावून आवाज दोनाचाच येतो. दोन्ही खाचा नसतील, फक्त लाल-पांढऱ्या पिना असतील तर मग सराउंड विसरा, हेडफोनच्या भोकातून स्टिरिओ मिळेल. आणि सबवूफरची जाळी काढता आली तर आतल्या शंकूच्या कडेचा फोम किंवा रबर बोटाने हलकेच दाबून बघा, इतकी वर्षं माळ्यावरच्या उन्हाळ्यात तो कुजून भुगा होतो, झाला असेल तर स्पीकर दुरुस्तीवाले बदलून देतात, फार खर्च येत नाही.

हा सेट चालू झाला तर तुमचे ६० च्या ६० हजार टीव्हीला मोकळे झाले ना! मग साध्या क्यूएलईडीवर न थांबता ५५ इंची मिनी एलईडी बघा, लोकल डिमिंग असलेला. यात मागचे दिवे शेकडो बारक्या झोनमध्ये वाटलेले असतात, जिथे चित्र काळं तिथले दिवे मंद होतात, त्या काळ्या पट्ट्या करड्या दिसायचा प्रश्न बऱ्यापैकी मिटतो आणि उजळपणा पण जास्त मिळतो म्हणजे एचडीआर खरंच दिसतो. टीसीएल, हायसेन्ससारख्यांचे ५५ इंची सेलच्या दिवसांत ६० च्या आत दिसायला लागलेत, दसरा-दिवाळी, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट यावर नजर ठेवा. फक्त किती झोन आहेत ते विचारा, जितके जास्त तितकं चांगलं. सेट नाहीच चालला तर ४५ टीव्हीला आणि १५ आवाजाला असं वाटून घ्या, ४५ मध्ये व्हीए पॅनलचा चांगल्या कंपनीचा क्यूएलईडी आरामात बसतो. ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे कोणी त्याआधीची किंमत सांगून एवढा डिस्काउंट दिला म्हणत असेल तर त्याला डिस्काउंट समजू नका.

आवाजाला १५ हजार का ठेवायला सांगतोय, तर आजचे टीव्ही इतके पातळ झालेत की स्पीकर मागे किंवा खाली तोंड करून असतात, पार्श्वसंगीत दणदणतं आणि माणसं काय बोलतायत ते कळत नाही, मग रिमोट हातात धरून आवाज कमी-जास्त करत बसायचं. फ्री मिळणाऱ्या साउंडबारने हे सुटत नाही हो, त्याला सबवूफर पण नसतो बहुतेक वेळा. त्याची किंमत वजा करून टीव्ही स्वस्त देता का म्हणून विचारा, कितीदा तरी देतात. घेताना थ्री पॉइंट वन (समोरचे तीन स्पीकर आणि सबवूफर) किंवा फाइव्ह पॉइंट वन घ्या, मधला सेंटर स्पीकर पाहिजेच, संवाद त्याच्यातूनच येतात. अॅटमॉस (आवाज वरून पण आल्यासारखा वाटावा अशी डॉल्बीची पद्धत) लिहिलेलं असलं तरी वर तोंड केलेले स्पीकर नसतील तर त्या नावाला जास्तीचे पैसे देऊ नका.

आणि आता ती सोफ्याच्या मागची फूटभर जागा. मागचे दोन स्पीकर खिडकीच्या दोन बाजूंना, बसल्यावर कानाच्या फूटभर वर लावा. सोफा भिंतीला टेकलेला असतो तेव्हा मागचा आवाज थेट मानगुटीवर येतो आणि भिंतीमुळे बेस नुसता घुमतो, थोडा पुढे आलं की आवाज मोकळा होतो, पाऊस मागून पडतोय असं वाटायला ती एवढीशी जागा पुरते.

टीव्ही भिंतीवर लावायला माणूस येईल तेव्हा तुम्ही स्वतः घरी थांबा. तो सवयीने वर लावतो, उभं राहून बघितल्यासारखा. तुम्ही सोफ्यावर बसा, डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर येतात, पडद्याचा मध्य तिथेच आला पाहिजे, म्हणजे टीव्हीची खालची कड जमिनीपासून सव्वादोन-अडीच फुटांवर. पुढचा आख्खा पिक्चर मान वर करून बघायची वेळ येऊ नये. भोकं पाडायच्या आधीच टीव्ही चालू करून पांढरा, काळा, लाल असा पूर्ण एकरंगी पडदा लावून मेलेले ठिपके, रेघा बघून घ्या, खोकं फोडतानाचा व्हिडिओ पण काढून ठेवा. पॅनलची वॉरंटी किती वर्षांची आणि सर्व्हिसवाला सांगलीतला की कोल्हापूर-पुण्याहून येणार हे घेण्याआधी विचारा, कारण वॉरंटीनंतर पॅनल गेला तर खर्च नव्या टीव्हीच्या जवळपास जातो. कंपनी दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तेव्हा विजा कडाडायला लागल्या की टीव्हीचा प्लग आणि डिशची किंवा केबलची वायर दोन्ही काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, वीज बऱ्याचदा केबलमधून येते.

पश्चिमेच्या खिडकीला ब्लॅकआउटचा जाड पडदा शिवून घ्या, वरच्या हिशोबात टीव्हीचे दीड-दोन हजार कमी करून ते त्याला काढून ठेवा. संध्याकाळच्या मालिकेच्या वेळी ती खिडकी टीव्हीत आरशासारखी दिसणार आणि त्याला कुठलाही पॅनल काही करू शकत नाही. सासूबाईंना सांगा, मोठ्या टीव्हीने डोळे जात नाहीत, पण मिट्ट अंधारात भगभगीत पडद्याकडे बघून डोळ्यांना ताण नक्की येतो. त्यासाठी टीव्हीच्या मागच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून मंद पांढऱ्या एलईडीची पट्टी लावा, टीव्हीच्या यूएसबीवर चालते, डोळ्यांना आराम पडतो आणि काळा रंग पण जास्त काळा वाटतो.

टीव्ही लागला की पहिल्याच रात्री सेटिंगमध्ये जा. फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा, नसेल तर सिनेमा. मोशन स्मूदिंग, कंपनीगणिक नाव वेगळं असतं, ते पूर्ण बंद करा. ते चालू असलं की टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः तयार करून घुसवतो आणि चांगला पिक्चर मालिकेसारखा दिसायला लागतो. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझने खास व्हिडिओ काढून लोकांना हे बंद करा म्हणून सांगितलं होतं, इतकं ते सिनेमावाल्यांना खुपतं. शार्पनेस शून्याजवळ आणा, एनर्जी सेव्हिंग बंद, रात्रीसाठी बॅकलाइट निम्म्यावर. पहिले दोन-तीन दिवस चित्र पिवळसर आणि मऊ वाटेल, मिस्टर म्हणतील आधीचं भारी होतं, तेवढे दिवस हात लावू देऊ नका, मग डोळ्याला सवय होते आणि व्हिव्हिड परत लावलं की तेच खटकायला लागतं. क्रिकेटला आणि मालिकांना पाहिजे तर स्टँडर्ड ठेवा. आणि नेटफ्लिक्सवर फोर के पाहिजे असेल तर सगळ्यात महागडा प्लॅन आणि १५ एमबीपीएसचा स्थिर स्पीड लागतो, तो नसेल तरी काळजी नाही, वर सांगितलंच की या अंतरावरून एचडी सुद्धा छान दिसतं.

माळ्यावरचा सेट खाली काढलात की त्याच्या पाठीचा एक स्पष्ट फोटो आणि मॉडेल नंबर पाठवा, कुठली वायर कुठे लावायची ते मी नीट लिहून कळवतो. तोपर्यंत टीव्हीचं पक्कं करू नका.